छोट्या ब्रश्ड क्वाडचे प्रॉप : काटा काय सांगतो आणि मोटर काय सांगते

माझ्या चाळीस ग्रॅमच्या क्वाडच्या (चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनच्या) दोन मोटरी एकाच आठवड्यात गेल्या. एक हवेतच गेली, क्वाड एका बाजूला कलंडला आणि गवतात पडला. दुसरी दोन दिवसांनी सुरूच होईना, बोटाने ढकलली की फिरायची, सोडली की थांबायची. आणि या दोन्ही मोटरी जायच्या आधी मी त्या क्वाडवर नवीन मोठे प्रॉप, म्हणजे पंखे, चढवले होते आणि अगदी खुशीत होतो, कारण वजनकाट्यावर तेच प्रॉप जास्त थ्रस्ट (वर ओढणारा जोर) दाखवत होते. तेव्हापासून प्रॉप निवडायची आणि तपासायची माझी पद्धतच बदलली. ती सगळी इथे लिहून ठेवतोय, कारण ब्रशलेसच्या प्रॉपवर वाचायला ढीगभर मिळतं पण या छोट्या ब्रश्ड (आत ब्रश घासून चालणाऱ्या) मोटरींचं गणित वेगळं आहे आणि ते कुणी नीट सांगत नाही.

आधी थोडं मोजमापाचं. या क्वाडमध्ये ज्या कोरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरी असतात त्यांचं नाव म्हणजेच त्यांचं माप. ७२० म्हणजे ७ मिमी जाडी आणि २० मिमी लांबी, ८५२० म्हणजे साडेआठ बाय वीस, ६१५ म्हणजे सहा बाय पंधरा. सहा आणि सात मिमीच्या मोटरींचा शाफ्ट साधारणपणे ०.८ मिमीचा असतो, साडेआठच्या मोटरीचा १ मिमीचा. प्रॉप घेताना व्यासाच्याही आधी हे भोक बघा. हबसन एक्स-४ सारख्या सात मिमी मोटरीच्या क्वाडवर ५५ मिमीचे दोन पात्यांचे प्रॉप येतात, ८५२० वर लोक ६५ मिमीचे लावतात, आणि ब्लेड इंडक्ट्रिक्सवरून पुढे जे टायनी हूप निघाले त्यांच्या डक्टमध्ये (प्रॉपभोवतीच्या गोल कड्यात) ३१ मिमीचे चार पात्यांचे बसतात. क्रेझीफ्लाय २.१ हा २७ ग्रॅमचा क्वाड ७ बाय १६ च्या मोटरींवर उडतो आणि त्याच्या नव्या प्रॉपचं नावच ४७-१७ आहे, म्हणजे व्यास ४७ मिमी आणि पिच (पात्याच्या तिरकेपणाप्रमाणे प्रॉप एका फेरीत जेवढा पुढे जाईल ते अंतर) १७ मिमी. असं पिचसकट नाव मिळालं तर नशीब समजा, बहुतेक छोट्या प्रॉपवर ए किंवा बी, म्हणजे फिरायची दिशा, एवढंच कोरलेलं असतं.

माझा क्वाड ७२० मोटरींचा. तिरकं अंतर १०० मिमी, म्हणजे शेजारच्या दोन मोटरींमध्ये साधारण ७१ मिमी. त्यावर ५५ चे प्रॉप होते. मनात आलं की ६५ चे लावले तरी पात्यांच्या टोकांमध्ये सहा मिमी जागा राहते, मग का नाही लावायचे. मोठा प्रॉप जास्त हवा हळू ढकलतो आणि हळू ढकललेली जास्त हवा स्वस्त पडते हे मी वाचलेलं होतं, आणि ते खरंही आहे. तरंगत राहायला लागणारी कमीत कमी ताकद थ्रस्ट तोच ठेवला तर प्रॉपच्या व्यासाच्या उलट प्रमाणात असते. चाळीस ग्रॅमला ५५ मिमीचे चार प्रॉप असतील तर ती आदर्श ताकद येते सुमारे १.६ वॅट, ६५ चे असतील तर सुमारे १.३५ वॅट, आणि ३१ चे लावले तर पावणेतीन वॅटच्याही वर. कागदावर पंधरा टक्के फुकटात मिळत होते. कोण सोडेल?

काट्यावर बघितलं तर ३.७ व्होल्टला ५५ च्या प्रॉपने १६.२ ग्रॅम उचलले आणि ६५ च्याने १६.६. फरक छोटा पण मोठ्या प्रॉपच्या बाजूचा. शिवाय आवाज खाली आला, कर्कश किणकिण जाऊन घोगरा घूं असा आवाज यायला लागला, कानाला फार बरा वाटला. म्हटलं झालं काम. आणि आठवड्याभरात दोन मोटरी गेल्या.

माझी चूक कुठे झाली ते सांगतो. मी फुल थ्रॉटलला, म्हणजे मोटरला पूर्ण व्होल्टेज देऊन, मोजत होतो, आणि फक्त ग्रॅम मोजत होतो. पण क्वाड आयुष्यातला बहुतेक वेळ फुल थ्रॉटलला नसतो, हॉवरला (जागच्या जागी तरंगत) असतो, आणि ब्रश्ड मोटर मरते ती ग्रॅममुळे नाही, उष्णतेने आणि ब्रश झिजून मरते. मग मी प्रश्न उलटा केला. प्रॉप जास्तीत जास्त किती उचलतो हे सोडून दिलं आणि विचारलं की मला हवे तेवढेच ग्रॅम उचलताना मोटरमधून करंट किती जातो. माझा क्वाड चाळीस ग्रॅमचा, म्हणजे एका मोटरीच्या वाट्याला दहा ग्रॅम. व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय लावला आणि काट्यावर बरोबर दहा ग्रॅम येईपर्यंत व्होल्टेज वाढवत गेलो.

५५ चा प्रॉप : २.६ व्होल्ट, ०.७४ अँपिअर.
६५ चा प्रॉप : २.५ व्होल्ट, ०.८७ अँपिअर.

हे आकडे बघून मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. मोठ्या प्रॉपला हवेत कमी ताकद लागते हे खरं, पण तो हळू फिरतो, आणि तीच ताकद हळू फिरून द्यायची म्हणजे टॉर्क जास्त लागणार. सायकलचा गिअर जड केला की पाय हळू फिरतात पण मांड्या भरून येतात, तसंच. थ्रस्ट तोच ठेवला तर लागणारा टॉर्क व्यासाबरोबर वाढत जातो, ५५ वरून ६५ म्हणजे १८ टक्के. आणि डीसी मोटरमध्ये टॉर्क म्हणजेच करंट. मोटरच्या तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणजे ०.७४ चा वर्ग आणि ०.८७ चा वर्ग, जवळजवळ ३८ टक्के जास्त उष्णता, आणि तीही हॉवरला, सतत, सहा सात मिनिटं. माझ्या मोटरीचा रेझिस्टन्स १.८ ओहमच्या आसपास आहे, एवढ्याशा डबीत बसणाऱ्या केसासारख्या तारेचा तेवढा असणारच. त्यामुळे हवेत जे वाचलं ते तारेत जळालं, आणि वर पदरचंही गेलं. १.९२ वॅटच्या जागी २.१८ वॅट.

उडवूनही बघितलं. तीच ३५० एमएएचची बॅटरी, ५५ वर ७ मिनिटं १० सेकंद, ६५ वर ६ मिनिटं २५ सेकंद. मोठा प्रॉप, शांत आवाज, काट्यावर जास्त ग्रॅम आणि हवेत पाऊण मिनिट कमी.

आता याचा अर्थ ६५ चा प्रॉप वाईट असा अजिबात नाही. तो साडेआठच्या मोटरीचा आहे. जाड मोटरीत तार जाड, रेझिस्टन्स कमी, एका अँपिअरमागे टॉर्क जास्त, तिथे मोठ्या प्रॉपचा हवेतला फायदा खरोखर हातात पडतो. सात मिमीच्या मोटरीला तो झेपत नाही, एवढंच. मोटरीच्या मापाबरोबर प्रॉपचं माप ठरलेलं दिसतं ते उगाच नाही, पण ते का हे स्वतःच्या मीटरवर बघितल्याशिवाय मला पटलं नव्हतं.

अजून एक गोष्ट यात लपलेली आहे. क्वाडवर मॉसफेट (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) मोटरला चालू बंद चालू बंद करत असतं, त्यामुळे बॅटरीतून निघणारा सरासरी करंट आणि मोटरच्या तारेतून वाहणारा करंट एकच नसतात. हॉवरला थ्रॉटल सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल तर बॅटरीचा करंट मोटरच्या करंटपेक्षा बराच कमी दिसतो. ज्यांच्या फ्लाइट कंट्रोलरवर (क्वाड सांभाळणाऱ्या सर्किटवर) करंट सेन्सर आहे ते तो आकडा बघून निर्धास्त राहतात, पण मोटर तापते ती तिच्या स्वतःच्या करंटने. म्हणून बेंचवर सरळ डीसी देऊन मोजायचं, तिथे मीटर दाखवतो तोच मोटरचा करंट.

आता काटा कसा लावायचा ते सांगतो कारण यात मी बराच काळ चुकीचे आकडे घेत होतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सोनार वापरतात तसला, पुरतो. पहिली चूक म्हणजे मोटर सरळ काट्यावर उभी करणं. प्रॉप वर ओढतो, काट्याचा आकडा कमी होतो, ठीक आहे, पण प्रॉपची सगळी हवा खाली काट्याच्या ताटलीवरच आदळते आणि आकडा बिघडवते. मी काय केलं, काट्यावर ठेवलेल्या एका जड डबीवर आईस्क्रीमची लाकडी काडी उभी चिकटवली, तिच्या टोकाला आडवी काडी, आणि त्या आडव्या काडीच्या टोकाला मोटर उलटी टांगली, शाफ्ट खाली. प्रॉप नेहमीसारखाच बसतो, मोटरही नेहमीच्याच दिशेने फिरते, पण सगळंच उलटं असल्यामुळे हवा वर जाते आणि थ्रस्ट काट्याला खाली दाबतो. आकडा थेट ग्रॅममध्ये. फक्त प्रॉप ताटलीपासून आणि टेबलापासून त्याच्या व्यासाच्या चारपाच पट तरी लांब हवा, आणि वर छत नको, कपाटाच्या फळीखाली ठेवाल तर परत तेच.

दुसरं, वायर. मोटरला जाणारी वायर जाड असेल तर ती स्प्रिंगसारखी काट्याला ढकलते, पातळ असेल तर तिच्यात व्होल्टेज पडतं. मी पातळ आणि लवचिक वायर घेतो पण व्होल्टमीटरची टोकं मोटरच्या अगदी जवळ लावतो. छोट्या कनेक्टरमध्ये आणि वायरमध्ये मिळून एक दशांश ओहम सहज निघतो, एक अँपिअरला ०.१ व्होल्ट गेले, तेवढ्याने थ्रस्टमध्ये तीनचार टक्के फरक पडतो, आणि दोन चांगल्या प्रॉपमध्ये फरकच मुळी तेवढा असतो! म्हणजे कनेक्टर नीट दाबला नाही म्हणून एक प्रॉप हरला असं होऊ शकतं. माझ्याकडे झालंय.

तिसरं, मोटरची उष्णता. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, मोटर चाळीस डिग्रीने तापली तर पंधरासोळा टक्के वाढला. त्यामुळे आधी थंड मोटरवर प्रॉप क्रमांक एक तपासला आणि लगेच तापलेल्या मोटरवर प्रॉप क्रमांक दोन, तर दुसरा बिचारा हरणारच. आणि कोरलेस मोटर झिजतही असते, तिच्या ब्रशचं आयुष्य मोजून काही तासांचं, म्हणजे आजचे आकडे आणि महिन्यापूर्वीचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे एक प्रॉप, मग दुसरा, मग परत पहिला. पहिल्या प्रॉपचे दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच मधल्याचा आकडा खरा मानायचा. जुळले नाहीत तर सगळं खोडायचं आणि मोटर थंड होऊ द्यायची. वेळखाऊ आहे, पण यामुळे माझे निम्मे जुने निष्कर्ष कचऱ्यात गेले आणि ते बरंच झालं.

फिरण्याचा वेग मोजायला काहीही विकत घ्यायची गरज नाही. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप उघडा आणि फोन प्रॉपच्या बाजूला धरा, खाली नाही, खाली नुसती वाऱ्याची खरखर येते. जो उंच सुळका दिसतो तो पात्यांचा आवाज. दोन पात्यांच्या प्रॉपला सुळका ५९० हर्ट्झला दिसला तर प्रॉप सेकंदाला २९५ फेऱ्या मारतोय, गुणिले साठ, म्हणजे मिनिटाला १७,७०० फेऱ्या. माझ्या ५५ च्या प्रॉपचा दहा ग्रॅमला हाच आकडा येतो. ६५ चा तेवढ्याच ग्रॅमला ४२० च्या आसपास गुणगुणतो. क्वाड हवेत असतानाही हे करता येतं, चारही मोटरी थोड्या वेगळ्या वेगाने फिरत असल्यामुळे चार सुळके शेजारीशेजारी दिसतात, आणि एखादाच फार लांब पडलेला असेल तर त्या कोपऱ्यातली मोटर किंवा प्रॉप आजारी आहे हे क्वाड न उघडता कळतं.

पिच मोजायची माझी पद्धत अगदी साधी. प्रॉप सपाट काचेवर ठेवायचा, मध्यापासून टोकापर्यंतच्या पाऊण अंतरावर पात्याची पुढची कड काचेपासून किती उंच आणि मागची किती ते बघायचं, आणि वरून दिसणारी रुंदी बघायची. ५५ च्या प्रॉपला पाऊण अंतर म्हणजे २०.६ मिमी. तिथे उंचीतला फरक २ मिमी आणि रुंदी ८ मिमी असेल तर चढ पाव. २०.६ च्या वर्तुळाचा परीघ सुमारे १२९ मिमी, त्याचा पाव, पिच ३२ मिमी. सेकंदाला ३०० फेऱ्या गुणिले ३२ मिमी म्हणजे हवा जास्तीत जास्त साडेनऊ मीटर सेकंदाला एवढ्या वेगाची. नुसतं खोलीत तरंगायचं असेल तर कमी पिच बरी, मोटरला हलकी जाते. बाहेर वाऱ्यात पुढे ढकलायचं असेल तर पिच लागते, नाहीतर क्वाड नाक खाली करून जागच्या जागी झगडत राहतो.

पात्यांच्या संख्येबद्दल थोडक्यात. जास्त पाती म्हणजे मोटरवर जास्त ओझं आणि बॅटरी थोडी कमी, बदल्यात पकड. डक्टमध्ये व्यास वाढवायला जागाच नसते म्हणून तिथे चार पाती लागतात, उघड्या क्वाडला मी दोनच ठेवतो. आणखी एक गोष्ट आहे. या क्वाडमध्ये एका मोटरीला एकच मॉसफेट असतं, ते मोटरला वेग देऊ शकतं पण ब्रेक लावू शकत नाही. थ्रॉटल कमी केला की प्रॉप हवेच्या अडथळ्यानेच हळू होतो. त्यामुळे जड पात्यांचा प्रॉप खाली उतरताना डगमगतो, कंट्रोलर म्हणतो हळू हो आणि प्रॉप ऐकतच नाही. मला हे कळेपर्यंत मी पीआयडीचे आकडे (कंट्रोलर किती जोराने दुरुस्ती करतो ते ठरवणारे) फिरवत बसायचो. तोच क्वाड, तेच पीआयडी, फक्त पातळ पात्यांचा हलका प्रॉप लावला आणि उतरतानाची थरथर गेली. आणि ज्यांना यॉ (क्वाडचं जागच्या जागी डावीउजवीकडे वळणं) मंद वाटतो त्यांनी तीन पात्यांचा प्रॉप एकदा लावून बघावा, यॉ हा प्रॉपच्या उलट्या टॉर्कवरच चालतो, ओझं वाढलं की तोही वाढतो.

कापायचा विषय निघतोच. मोठा प्रॉप कापून छोटा करणं चालतं, पण किती कापताय ते जपून. त्याच वेगाला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, थ्रस्ट चौथ्या घाताने. ६५ चा ६० केला तर ताकद ३३ टक्के उतरते आणि थ्रस्ट २७ टक्के. पाच मिमी दिसायला काहीच नाही! मी एकेक मिमी कापून प्रत्येक वेळी दहा ग्रॅमचा करंट मोजत गेलो, ६० ला करंट उतरला, ५७ ला जवळजवळ ५५ च्या प्रॉपसारखा झाला. मग वाटलं सरळ ५५ चाच का नाही लावायचा, आणि तोच लावला. शिवाय हाताने कापलेले चार प्रॉप सारखे होतच नाहीत.

बॅलन्सबद्दल मात्र मला अगदी कळकळीने सांगायचंय. एवढ्याशा पाव ग्रॅमच्या प्रॉपला काय बॅलन्स करायचं असं मलाही वाटायचं. मग एकदा हिशोब केला. पात्याच्या टोकाजवळ, मध्यापासून २५ मिमीवर, फक्त एक मिलिग्रॅम जास्त आहे. प्रॉप सेकंदाला ३०० फेऱ्या मारतोय. त्या एका मिलिग्रॅमची बाहेर ओढणारी शक्ती येते जवळजवळ ९ ग्रॅमच्या वजनाएवढी. तो प्रॉप उचलतोय दहा ग्रॅम! म्हणजे जेवढ्या जोराने प्रॉप क्वाडला वर ओढतोय जवळपास तेवढ्याच जोराने तो शाफ्टला आडवा हिसडा देतोय, सेकंदाला तीनशे वेळा. ब्रश त्यात उडतात, ठिणग्या वाढतात, जायरोला (क्वाडचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरला) नुसती थरथर ऐकू येते, आणि कंट्रोलर ती थरथर दुरुस्त करायला मोटरींना अजून झटके देतो.

एक मिलिग्रॅम कसा सापडतो? प्रॉप उजेडासमोर धरा. साच्याच्या जोडावर पात्याच्या कडेला पारदर्शक पापुद्रा राहिलेला असतो, नखाला लागतो, उजेडात पांढरी रेघ दिसते. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. तो मी नवीन ब्लेडने अलगद खरवडून काढतो, कड गोल करत नाही. एवढ्या छोट्या पात्यावर हवा फार चिकट वागते, रेनॉल्ड्स नंबर (जितका लहान तितका हवेचा चिकटपणा जास्त जाणवतो) वीस हजाराच्या आसपास असतो, तिथे पातळ आणि किंचित वाकलेली पट्टीच चांगली चालते आणि कडा जाड झाली की प्रॉप खराब होतो. नंतर भोकात बारीक सुई घालायची, सुई आडवी दोन ग्लासांच्या काठांवर टेकवायची, आणि टिचकी मारून प्रॉप कुठे थांबतो बघायचं. दरवेळी तेच पातं खाली येत असेल तर ते जड. त्याच्या मागच्या बाजूला बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवायचा, परत टिचकी. सेलोटेपचा तुकडा हलक्या पात्याला लावूनही जमतं पण सात मिमी मोटरीच्या प्रॉपवर टेप उडून जातो. दहा प्रॉपमधले तीनचार मला काहीच न करता चांगले मिळतात, ते मी मार्करने खूण करून वेगळे ठेवतो.

माझे ते ६५ चे प्रॉप, त्यांची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांचं भोक १ मिमीचं होतं आणि माझा शाफ्ट ०.८ चा. मी मध्ये पातळ वायरचं इन्शुलेशन घालून ते घट्ट बसवले होते आणि जमलं म्हणून खूष होतो. पण शाफ्ट भोकाच्या मधोमध राहिला याची खात्री कशी देणार? दशांश मिमीने जरी प्रॉप बाजूला सरकला तरी पाव ग्रॅमचा अख्खा प्रॉप तेवढ्याने बाहेर फिरतो, आणि हा झाला टोकावर एक मिलिग्रॅम चिकटवल्यासारखाच प्रकार. म्हणजे त्या मोटरी जायला जास्तीची उष्णता आणि थरथर दोन्ही कारण होत्या. म्हणून दहा ग्रॅमची ती चाचणी मी नंतर ०.८ चं भोक असलेल्या ६५ च्या प्रॉपवर केली, वर दिलेले आकडे त्याचेच आहेत, नाहीतर ५५ आणि ६५ ची तुलनाच खोटी झाली असती.

प्रॉप बसवताना मोटरच्या मागच्या टोकाला आधार द्या, पण प्लास्टिकच्या झाकणाला नको. ब्रश त्या झाकणातच असतात, प्रॉप जोरात दाबला की झाकण बाहेर येतं. मागे शाफ्टचं टोक दिसत असेल तर त्याला आधार. आणि हब मोटरला अगदी टेकवू नका, कागदाच्या दोनतीन घड्यांएवढी फट ठेवा. काढताना पात्यांना धरून ओढू नका, हबखाली दोन्ही बाजूंनी पातळ चपटं काहीतरी घालून सरळ वर उचला. आणि त्या फटीत नेहमी बघा. केस! जमिनीवरून उडवलं की केस आणि दोरे त्या फटीत गुंडाळले जातात, बाहेरून काही दिसत नाही, मोटर मात्र तापते आणि आपण प्रॉपला दोष देतो. मी एकदा चिमट्याने एका शाफ्टवरून वीतभर लांब केस उलगडला होता, आणि लगेच हॉवरचा थ्रॉटल खाली आला.

ए आणि बी ची गफलत झाली तर क्वाड उलटतो, ती लगेच कळते. न कळणारी गफलत म्हणजे प्रॉप उलटा बसवणं, कोरलेली बाजू खाली. स्क्रू उलटा धरला तरी त्याचे आटे त्याच दिशेचे राहतात, तसंच उलटा प्रॉपही हवा खालीच ढकलतो. म्हणून क्वाड उडतो. पण मागची कड पुढे आणि फुगीर बाजू खाली, त्यामुळे ती एक मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त फिरते आणि जास्त तापते. उतरल्यावर चारही मोटरींना बोट लावायची सवय मला इथूनच लागली. तीन सेकंद बोट टेकवून ठेवता आलं पाहिजे. एकच मोटर चटका देत असेल तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे : केस, उलटा प्रॉप, बॅलन्स, किंवा मोटर म्हातारी झालेली. चारही चटका देत असतील तर प्रॉप मोठा आहे किंवा क्वाड जड आहे.

उडवून वेळ मोजताना बॅटरी एकच वापरा, पूर्ण ४.२ व्होल्टला चार्ज करून, आणि थंडगार बॅटरी एकदा व कोमट बॅटरी एकदा असं नको. मी एकाच उंचीवर, कमरेएवढ्या, पंखे खिडक्या बंद करून तरंगत ठेवतो आणि चालू लोडवर ३.३ व्होल्टला उतरवतो. जमिनीला चिकटून तरंगाल तर जमिनीचाच आधार मिळतो आणि सगळेच प्रॉप चांगले दिसतात. प्रत्येक प्रॉपला तीन फेऱ्या, मध्ये मोटरी पूर्ण थंड.

सध्या त्या क्वाडवर ५५ चेच, पातळ दोन पात्यांचे, सुईवर बघून निवडलेले चार प्रॉप आहेत आणि नव्या दोन मोटरी. जुन्या राहिलेल्या दोन मोटरी बदलायच्या का हा प्रश्न होता, म्हणून चारही मोटरींवर एकच प्रॉप लावून दहा ग्रॅमचा करंट मोजला. नव्या दोन्ही ०.७३ आणि ०.७४, जुनी एक ०.७६, आणि जुनी दुसरी ०.८५. ती ०.८५ वाली काढून वेगळ्या डबीत ठेवली, काट्यावर प्रॉपची पहिली झटपट तुलना करायला ती चालेल.